बाळंतपण आणि कोर्टाची तारीख : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्यांचा दावा, अर्ज किंवा खटला महाराष्ट्रातील न्यायालयात चालू आहे आणि ज्यांना सातवा, आठवा किंवा नववा महिना लागला आहे, अथवा ज्या नुकत्याच बाळंत झाल्या आहेत, अशा स्त्रियांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी ही उत्तरे लिहिली आहेत. १ जुलै २०२४ पासून फौजदारी कामकाजासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ लागू झाली. त्या दिवसाआधीपासून प्रलंबित असलेले खटले बहुतांशी १९७३ च्या जुन्या संहितेनुसारच पुढे चालतात, त्यामुळे आवश्यक तेथे दोन्ही कलमे दिली आहेत. दिवाणी कामासाठी १९०८ ची दिवाणी प्रक्रिया संहिता आहे.

प्रश्न : मी गर्भवती आहे, एवढ्या कारणावरून कोर्टात हजर राहण्यातून आपोआप सूट मिळते का?

नाही. गर्भवती किंवा बाळंतीण पक्षकाराला अमुक इतके आठवडे न्यायालयात बोलावू नये, असे सांगणारे कलम दिवाणी संहितेत नाही आणि फौजदारी संहितेतही नाही. कायद्याने न्यायाधीशांना सूट देण्याचा, तारीख वाढवण्याचा, घरी आयुक्त (साक्ष लिहून घेण्यासाठी न्यायालयाने नेमलेली व्यक्ती) पाठवून साक्ष घेण्याचा आणि व्हिडिओद्वारे काम चालवण्याचा अधिकार दिलेला आहे. तो वापरला जावा यासाठी कोणीतरी लेखी मागणी करावी लागते. न्यायाधीशांसमोर फक्त कागद असतो. आपल्याला नववा महिना आहे हे त्या कागदावर लिहिलेले नसेल, तर पुकारा झाल्यावर रोजनाम्यात, म्हणजे न्यायालयाच्या त्या दिवसाच्या नोंदीत, “गैरहजर” एवढाच शब्द चढतो, आणि पुढचा सगळा त्रास त्या एका शब्दातून सुरू होतो.

दिवाणी संहितेच्या कलम १३२ मध्ये स्त्रियांना हजेरीतून सूट आहे, असे काही जणी ऐकून येतात. ते कलम रूढीप्रमाणे चारचौघांत न वावरणाऱ्या स्त्रियांसाठी आहे. त्याचा गरोदरपणाशी संबंध नाही आणि त्यावर विसंबून घरी बसू नये.

प्रश्न : वकील दिलेला असताना मला प्रत्येक तारखेला स्वतः जावेच लागते का?

दिवाणी दाव्यात सहसा लागत नाही. वकालतनामा दाखल असेल, तर बहुतेक तारखांना वकिलांची हजेरी पुरते. कैफियत (दाव्याला प्रतिवादीचे लेखी उत्तर) दाखल करणे, अर्जावर म्हणणे देणे, मुद्दे काढणे, युक्तिवाद आणि निकाल या टप्प्यांवर पक्षकाराच्या उपस्थितीची गरज क्वचितच भासते. उलटतपासणी, न्यायालयाने समक्ष बोलावलेली तडजोडीची बैठक आणि न्यायाधीशांनी मुद्दाम “पक्षकार हजर राहावे” असा आदेश केलेली तारीख, येथे मात्र आपण स्वतः लागता. कौटुंबिक न्यायालयाचे वळण थोडे वेगळे आहे, कारण १९८४ च्या कायद्याच्या कलम १३ प्रमाणे तेथे वकील हा पक्षकाराचा हक्क म्हणून उभा राहत नाही, परवानगीने राहतो. शिवाय समुपदेशकांपुढील बैठकांना नवरा-बायको दोघांनीही यावे अशी अपेक्षा असते.

एका तालुक्याच्या न्यायालयात पाहिलेले दृश्य येथे सांगण्यासारखे आहे. नववा महिना लागलेली एक बाई सकाळी पावणेअकरापासून जिन्याखालच्या बाकावर बसून होती, शेजारी आई, पिशवीत पाण्याची बाटली आणि पोळीभाजीचा डबा. साडेचार वाजता तिचा पुकारा झाला. त्या दिवशी समोरच्या पक्षाने एका किरकोळ अर्जावर आपले म्हणणे द्यायचे होते. त्यांनी ते दिले नाही, मुदत मागितली आणि तारीख पुढे गेली. तिच्या येण्याची गरज मुळातच नव्हती, फक्त तसे तिला कोणी सांगितले नव्हते. म्हणून प्रत्येक तारखेच्या आधी वकिलांना नेमका हाच प्रश्न विचारावा : “या तारखेला काय होणार आहे आणि त्यासाठी मी लागते का?” उत्तर गोलमोल मिळाले तर पुन्हा विचारावा. त्यात संकोच वाटण्यासारखे काही नाही.

प्रश्न : अर्ज केव्हा करावा आणि त्यात काय लिहावे?

सातव्या महिन्यात करावा. निदान प्रसूतीची अपेक्षित तारीख आणि कोर्टाची तारीख जवळ येत आहेत असे दिसताच करावा. तारीख उलटून गेल्यावर दिलेले कारण खरे असले तरी सबबीसारखे वाचले जाते. तेच कारण महिनाभर आधी दिले, तर त्यामागचे नियोजन न्यायाधीशांना दिसते.

अर्ज एका पानाचा असावा. प्रकरणाचा क्रमांक, आपण त्यात कोण आहात, किती आठवडे पूर्ण झाले आहेत, प्रसूतीची अपेक्षित तारीख कोणती, बाळंतपण कोठे होणार आहे आणि नेमके काय हवे आहे, इतके त्यात असले म्हणजे पुरे. शेवटची बाब सर्वांत महत्त्वाची, आणि सर्वांत जास्त वेळा तीच राहून जाते. “सहानुभूतिपूर्वक विचार व्हावा” ही मागणी होत नाही. “अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत अर्जदाराची वैयक्तिक हजेरी माफ करावी, त्या काळात तिच्या वतीने वकील काम चालवतील आणि तिच्या गैरहजेरीत झालेल्या कामाबद्दल ती नंतर हरकत घेणार नाही” ही मागणी होते. यातले शेवटचे वाक्य फौजदारी खटल्यात विशेष उपयोगी पडते, कारण सूट दिल्याने खटला अडून राहील ही न्यायालयाची मुख्य भीती असते.

अर्ज दाखल झाल्यावर त्याला निशाणी क्रमांक, म्हणजे प्रकरणाच्या फाइलमधला क्रमांक, पडतो. बहुतेक वेळा न्यायाधीश त्यावर “समोरच्या पक्षाचे म्हणणे” असा शेरा मारतात, ते म्हणणे येते आणि मग आदेश होतो. या पायऱ्यांना एखादी तारीख सहज खर्ची पडते. लवकर अर्ज करण्याचे हेही एक कारण आहे. आदेश झाला की त्याची नक्कल काढून घरी ठेवावी. निदान रोजनाम्यावर काय लिहिले गेले ते वकिलांकडून पाहून घ्यावे. “साहेब हो म्हणाले” हा पुरावा नव्हे.

प्रश्न : डॉक्टरांचे प्रमाणपत्र कसे असावे? “विश्रांतीचा सल्ला” एवढे लिहिलेले चालेल का?

चालते कधीकधी, पण ते दुबळे असते. “विश्रांतीचा सल्ला” हे शब्द न्यायाधीश दिवसातून अनेकदा वाचतात, आणि त्यातली सगळी प्रमाणपत्रे खरी नसतात हे त्यांना ठाऊक असते. चांगल्या प्रमाणपत्रात गर्भारपणाचे आठवडे, अपेक्षित तारीख, रक्तदाब, मधुमेह, वार (प्लॅसेंटा) खाली असणे, जुळे, आधीचे सिझेरियन असे काही असल्यास त्याचा स्पष्ट उल्लेख, आणि प्रवास किंवा सलग बसणे याबाबत काय सल्ला दिला व किती दिवसांसाठी दिला, हे असते. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक, तारीख आणि शिक्का असावा. सरकारी दवाखान्यात मिळालेले माता व बाल संरक्षण कार्ड असेल, तर त्याची छायाप्रत जरूर जोडावी. शेवटच्या पाळीची तारीख, अपेक्षित तारीख आणि दर तपासणीच्या नोंदी त्यावर वेगवेगळ्या दिवशी झालेल्या असल्यामुळे ते कार्ड एखाद्या सुट्या कागदापेक्षा जास्त विश्वासार्ह ठरते.

खोटे प्रमाणपत्र देणे आणि ते खरे म्हणून वापरणे हे दोन्ही गुन्हे आहेत. खऱ्या गरोदरपणात खोट्या आजाराची भर घालण्याचा मोह काही घरांत होतो. समोरच्या वकिलांनी डॉक्टरांना साक्षीला बोलावले तर सूट जाते आणि विश्वासार्हताही जाते, आणि पोटगी किंवा ताब्याच्या प्रकरणात विश्वासार्हता हेच आपले भांडवल असते.

प्रश्न : फौजदारी खटल्यात मी आरोपी आहे. मलाही सूट मिळू शकते का?

मिळू शकते. समन्स काढतानाच दंडाधिकारी आरोपीची वैयक्तिक हजेरी माफ करून वकिलामार्फत हजर राहण्याची परवानगी देऊ शकतात. हा अधिकार नव्या संहितेच्या कलम २२८ मध्ये, जुन्या २०५ मध्ये आहे. खटला सुरू झाल्यानंतर त्या त्या तारखेपुरती किंवा काही काळापुरती सूट कलम ३५५ खाली, जुन्या ३१७ खाली मागता येते. धनादेश न वटल्याच्या खटल्यांत स्त्रियांना हा प्रश्न फार पडतो, कारण नवऱ्याच्या धंद्यातल्या धनादेशावर तिचीही सही असते. अशाच स्वरूपाच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये स्पष्ट केले, की योग्य प्रकरणात दंडाधिकारी पहिल्या तारखेचीही हजेरी माफ करू शकतात. आरोपी एकदा येऊन गेल्याशिवाय सूट मिळतच नाही, असे नाही.

सूट आणि जामीन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जामीन अजून घेतलेला नसेल, तर हजेरी माफीचा अर्ज सहसा टिकत नाही. जामीन द्यायचा आहे आणि जामीनदार उभा करायचा आहे असे असेल, तर ते काम आठव्या महिन्याच्या आत उरकून घ्यावे हेच बरे.

प्रश्न : प्रसूतीच्या धावपळीत तारीख चुकली आणि वॉरंट निघाले. आता काय करावे?

घाबरून घरात लपून राहू नये. वॉरंट काढणाऱ्या न्यायालयाला ते रद्द करता येते. वकिलांनी दवाखान्याचे डिस्चार्ज कार्ड जोडून वॉरंट रद्द करण्याचा आणि हजेरी माफीचा असे दोन्ही अर्ज एकाच वेळी द्यावेत. डिस्चार्ज कार्डावरचा दाखल झाल्याचा दिवस आणि चुकलेली तारीख जुळत असेल, तर युक्तिवाद फारसा करावा लागत नाही. काही न्यायाधीश आरोपीने समक्ष यावे असा आग्रह धरतात. तेव्हा शरीर सावरेपर्यंतची तारीख मागून तोवर वॉरंटची बजावणी थांबवावी, अशी विनंती करावी. स्त्रीला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही. अपवादात्मक परिस्थितीत महिला पोलीस अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घ्यावी लागते.

प्रश्न : दिवाणी दावा माझ्या गैरहजेरीत एकतर्फी निकाली निघाला, किंवा मीच दाखल केलेला दावा काढून टाकला गेला. तो परत उभा राहतो का?

राहतो, पण मुदत छोटी आहे. एकतर्फी हुकूमनामा रद्द करण्याचा अर्ज दिवाणी संहितेच्या आदेश ९, नियम १३ खाली ३० दिवसांत करावा लागतो. वादीच्या गैरहजेरीमुळे दावा काढून टाकला असेल, तर नियम ९ खाली तितकीच मुदत असते. बाळंतिणीचे ३० दिवस कसे जातात हे कोणाला सांगायला नको. रात्री जाग आणि दिवसा पाहुणे यांतच ते सरतात. मुदत उलटली असल्यास मुदत कायद्याच्या कलम ५ खाली विलंब माफीचा अर्ज जोडावा आणि त्यात दिवसांचा हिशेब द्यावा : अमुक दिवशी दाखल, अमुक दिवशी प्रसूती, अमुक दिवशी घरी, अमुक दिवसापर्यंत बाळ अतिदक्षता विभागात. “मी बाळंत झाले होते” या एका ओळीपेक्षा हा हिशेब वजनदार असतो. पोटगीच्या फौजदारी अर्जात एकतर्फी आदेश झाला असेल, तर तो रद्द करण्यासाठी तीन महिन्यांची मुदत आहे.

समन्स मिळाले आणि कैफियत द्यायची असेल, तर त्याची मुदत ३० दिवसांची आहे. न्यायालय कारणे नोंदवून ती ९० दिवसांपर्यंत वाढवू शकते. कैफियतीवर सही करण्यासाठी कोर्टात जावे लागत नाही. वकिलांना किंवा त्यांच्या कारकुनाला घरी बोलवावे. शपथपत्रावर शपथ घेण्यासाठी जवळचे नोटरी किंवा शपथ आयुक्त गाठावेत.

प्रश्न : माझी साक्ष व्हायची आहे आणि प्रसूतीही त्याच महिन्यात आहे. काय पर्याय आहेत?

दिवाणी दाव्यात सरतपासणी (आपल्याच बाजूने दिलेली साक्ष) शपथपत्रावर होते, त्यामुळे खरा प्रश्न उलटतपासणीचा असतो. आजारपण किंवा अशक्तता यांमुळे जी व्यक्ती न्यायालयात येऊ शकत नाही, तिची साक्ष घेण्यासाठी आदेश २६ खाली आयुक्त नेमता येतो. तो बहुधा वकीलच असतो. तो दोन्ही बाजूंच्या वकिलांसह घरी येऊन प्रश्नोत्तरे लिहून घेतो. त्याचे शुल्क सहसा मागणाऱ्याला भरावे लागते. फौजदारी खटल्यातही साक्षीदारासाठी आयोग काढण्याची, म्हणजे अशी बाहेर साक्ष नोंदवून घेण्याची, तरतूद आहे.

दुसरा मार्ग व्हिडिओचा. साक्षीदार प्रत्यक्ष न्यायालयात नसला तरी व्हिडिओद्वारे नोंदवलेली साक्ष कायद्याला धरून आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये महाराष्ट्रातीलच एका खटल्यात ठरवले. नव्या संहितेच्या कलम ५३० ने इलेक्ट्रॉनिक माध्यमातून कामकाज चालवण्यास उघड मान्यता दिली, आणि मुंबई उच्च न्यायालयाने यासाठी २०२२ मध्ये स्वतंत्र नियम केले. तरीही अर्ज करावा लागतो, आणि साक्ष कोठून द्यायची हा मुद्दा येतो. घरच्या खोलीतून साक्ष देताना पडद्यामागून आई उत्तरे सांगत आहे असा संशय समोरच्या वकिलांनी घेतला, तर तो अगदीच अनाठायी म्हणता येत नाही. म्हणून माहेरच्या गावाजवळचे न्यायालय किंवा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय हे ठिकाण सुचवावे. अर्ज लवकर मंजूर होतो.

माझे स्पष्ट मत असे, की गर्भारपण सुरळीत असेल तर साक्ष पुढे ढकलण्यापेक्षा अलीकडे ओढावी. सातव्या महिन्यात दोन तास उलटतपासणी देणे कष्टाचे असते खरे. पण अंगावरचे बाळ, अपुरी झोप आणि दर दोन तासांनी येणारी पाजण्याची वेळ यांच्यामध्ये तीच उलटतपासणी देणे त्याहून अवघड जाते. “अर्जदाराची प्रसूती अमुक महिन्यात अपेक्षित असल्याने तिची साक्ष तत्पूर्वी घ्यावी” हा अर्ज फार कमी जणी करतात. न्यायाधीशांना तो सहसा आवडतो, कारण त्यात काम पुढे सरकते. साक्षीच्या पिंजऱ्यात बसण्याची परवानगीही तोंडी मागावी. ती नाकारली गेल्याचे मी पाहिलेले नाही.

प्रश्न : प्रसूतीनंतर किती दिवसांची मुदत मागणे वाजवी आहे? घरात सव्वा महिना पाळतात.

सव्वा महिना न्यायाधीशांनाही ठाऊक असतो. त्यांच्या घरीही तो पाळला गेलेला असतो. पण अर्जात रूढी लिहू नये, वैद्यकीय कारण लिहावे. सहा आठवडे ही मुदत मागणे सर्वांत सोपे, कारण तिला कायद्याचा दुरून का होईना आधार आहे : १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्याच्या कलम ४ मध्ये असलेल्या आणि आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आलेल्या नियमाप्रमाणे प्रसूतीनंतरच्या सहा आठवड्यांत कोणत्याही मालकाने स्त्रीला कामावर ठेवता कामा नये. तो कायदा नोकरीचा आहे, न्यायालयाला बांधून घेणारा नाही. मात्र ज्या काळात कायदा तिच्याकडून काम करवून घेण्यास मनाई करतो, त्या काळात तिला दिवसभर बाकावर ताटकळत बसवू नये, हा युक्तिवाद कोणाही न्यायाधीशाला पटण्याजोगा आहे. सिझेरियन झाले असेल, टाके पिकले असतील किंवा बाळ अपुऱ्या दिवसांचे असेल, तर अधिक मुदत मागावी आणि कागद जोडावा.

दिवाणी दाव्याच्या सुनावणीत एका पक्षाला तीनपेक्षा जास्त तहकुबी देऊ नये असा नियम आहे, आणि फौजदारीत नव्या कलम ३४६ ने दोनची मर्यादा घातली आहे. म्हणून दर तारखेला एक अर्ज असे न करता संपूर्ण काळाचा एकच अर्ज करावा. एप्रिलअखेर किंवा मेमध्ये प्रसूती असेल, तर उन्हाळी सुट्टीचे दिवसही मोजावेत. त्या काळात नियमित बोर्ड (रोजच्या प्रकरणांची यादी) नसल्याने आपली अर्धी मुदत आयतीच निघते.

प्रश्न : मीच नवऱ्याविरुद्ध पोटगीचा आणि कौटुंबिक हिंसाचाराचा अर्ज केला आहे. बाळंतपण होईपर्यंत सगळेच थांबवावे असे घरचे म्हणतात. ते बरोबर आहे का?

माझ्या मते नाही. घरच्यांची काळजी समजते. पण आपण अर्जदार असताना तारीख थांबली, तर थांबतो तो आपलाच पैसा. दवाखान्याचे बिल, औषधे आणि बाळाचे कपडे यांचा खर्च कोणत्याही तहकुबीने पुढे जात नाही. हजेरी माफ करून घ्यावी आणि काम चालू ठेवावे. या दोन मागण्यांतला फरक वकिलांनाही स्पष्ट शब्दांत सांगावा, कारण कधीकधी सवयीने तहकुबीच मागितली जाते.

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात अर्जावरची पहिली सुनावणी साधारणपणे तीन दिवसांत ठेवावी आणि अर्ज ६० दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा, असे म्हटले आहे. प्रत्यक्षात तसे क्वचित घडते. तरीही कलम २३ खाली अंतरिम आदेश शपथपत्रावर होऊ शकतो, आणि त्यासाठी आपण समोर उभे असण्याची सक्ती नाही. त्याच कायद्याच्या कलम २७ प्रमाणे आपण तात्पुरत्या जेथे राहता तेथेही अर्ज करता येतो. म्हणजे बाळंतपणासाठी सोलापूरला माहेरी आलेल्या मुलीने पुण्यालाच अर्ज करावा असे नाही. घटस्फोटाच्या अर्जाबाबतही हिंदू विवाह कायद्यात २००३ मध्ये झालेल्या दुरुस्तीने पत्नीला स्वतः राहत असलेल्या ठिकाणचे न्यायालय खुले केले आहे.

सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी रजनेश विरुद्ध नेहा या निकालात दोन गोष्टी ठरवल्या, ज्या गर्भवती अर्जदाराच्या थेट कामाच्या आहेत. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, आणि दोन्ही बाजूंनी आपल्या उत्पन्न-मालमत्तेचे शपथपत्र द्यावे. म्हणून अर्ज प्रसूतीपूर्वी दाखल करण्यात अर्थ आहे, मग सुनावणी नंतर का होईना. हे शपथपत्र लांबलचक असते. पगाराच्या पावत्या, बँकेचे उतारे, दागिने, कर्जे असे सगळे त्यात येते. ते सातव्या-आठव्या महिन्यात, घरी पाय लांब करून बसून, सावकाश भरून ठेवावे.

आणखी एक गोष्ट हमखास निसटते. अर्ज केला तेव्हा बाळ पोटात होते, म्हणून त्याचे नाव अर्जात नसते. जन्मानंतर दुरुस्ती अर्ज देऊन बाळाला अर्जदार म्हणून जोडावे, म्हणजे त्याची स्वतंत्र पोटगी मागता येते. त्यासाठी जन्माचा दाखला लागतो. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते. दवाखान्यात झालेल्या जन्माची खबर दवाखान्याने द्यायची असली, तरी वडिलांच्या नावाचे अक्षर न् अक्षर अर्जातल्या नावाशी जुळते की नाही, हे आपण पाहून घ्यावे.

प्रश्न : तान्ह्या बाळाला कोर्टात नेता येते का? पाजायचे कोठे?

नेता येते, मनाई नाही. शक्य असेल तर नेऊ नये असे मात्र मनापासून सांगावेसे वाटते. गर्दी, खोकला, अस्वच्छ प्रसाधनगृहे आणि वेळेचा भरवसा नाही, अशी ती जागा आहे. नेणे भागच असेल, तर सोबत आई किंवा बहीण असावी, म्हणजे आपण आत असताना बाळ बाहेर सांभाळले जाईल. सकाळी न्यायालय बसताच वकिलांनी “पक्षकार बाळंतीण आहेत, प्रकरण आधी घ्यावे” अशी तोंडी विनंती करावी. पुकारा लवकर होतो.

एसटी स्थानकांवर हिरकणी कक्ष बऱ्याच जणींनी पाहिले असतील. रायगडाचा कडा उतरून तान्ह्याकडे गेलेल्या हिरकणीचे नाव त्या खोल्यांना देणे शोभून दिसते. काही न्यायालयांच्या इमारतींत असा कक्ष आहे, बऱ्याच ठिकाणी नाही. नसेल तेथे महिला वकिलांच्या बाररूममध्ये विचारावे. तेथे नकार मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये सार्वजनिक ठिकाणी स्तनपानासाठी सोय असावी असे राज्यांना बजावले आणि अशा ठिकाणी अंगावर पाजण्याकडे कोणी वेगळ्या नजरेने पाहू नये असेही म्हटले.

प्रश्न : नवऱ्याने बाळाच्या ताब्यासाठी अर्ज केला आहे. तान्हे बाळ काढून घेतील का?

पाच वर्षांखालील मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असावा, असे १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या कलम ६ मध्ये आहे. अंगावर पिणाऱ्या बाळाबाबत न्यायालये वडिलांना भेट देतात, ती सहसा थोड्या वेळाची आणि आईच्या सोयीच्या ठिकाणी. भेटीलाच सरसकट विरोध करू नये. त्याने आपली बाजू कडवट दिसते. पाजण्याच्या वेळा, लसीकरणाच्या तारखा आणि बाळाची तब्येत लिहून देऊन आपणच एक वेळापत्रक सुचवावे.

प्रश्न : पोलीस चौकशीला बोलावत आहेत. आणि अटक झालीच तर?

साक्षीदार म्हणून स्त्रीला तिच्या राहत्या घराखेरीज इतरत्र बोलावता येत नाही. हे नव्या संहितेच्या कलम १७९ मध्ये, जुन्या १६० मध्ये आहे. आरोपी म्हणून कलम ३५ ची नोटीस आली असेल, तर ती दुर्लक्षित करू नये. वकिलांमार्फत लेखी उत्तर देऊन घरी जबाब घ्यावा अशी विनंती करावी.

अजामीनपात्र गुन्ह्यातही आरोपी स्त्री असेल, तर जामिनाचा वेगळा विचार करण्याची मुभा कलम ४८० मध्ये आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये अमली पदार्थांच्या गंभीर खटल्यातील एका गर्भवती आरोपीला सहा महिन्यांचा तात्पुरता जामीन दिला. तुरुंगात बाळंतपण झाल्यास त्याचा परिणाम आई आणि बाळ दोघांवरही होईल, हा त्या आदेशाचा गाभा होता. आतच राहावे लागले, तर सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये आर. डी. उपाध्याय प्रकरणात घालून दिलेले दंडक लागू होतात : शक्यतो प्रसूती तुरुंगाबाहेरच्या रुग्णालयात व्हावी, जन्मस्थान म्हणून तुरुंगाची नोंद होऊ नये, आणि सहा वर्षांपर्यंत मूल आईजवळ राहू शकते.

प्रश्न : मी परदेशात आहे, आठवा महिना आहे आणि पुण्याच्या न्यायालयात तारीख आहे.

बहुतेक विमान कंपन्या साधारण ३६ आठवड्यांनंतर प्रवास करू देत नाहीत, आणि त्याआधीही डॉक्टरांचे पत्र मागतात. कंपनीचा तो नियम छापून अर्जाला जोडावा. प्रवास अशक्य असल्याचे ते त्रयस्थाचे म्हणणे ठरते. साक्ष व्हिडिओद्वारे मागितल्यास परदेशातील टोकाला भारतीय वकिलातीतील अधिकारी समन्वयक म्हणून राहण्याची तरतूद नियमांत आहे. वकिलातीची वेळ मिळायला दिवस लागतात. वकील बदलायचा असल्यास किंवा वडिलांना कुलमुखत्यारपत्र द्यायचे असल्यास ते वकिलातीपुढे सही करून पाठवावे. कुलमुखत्यार दावा चालवू शकतो. ज्या गोष्टी फक्त आपल्यालाच ठाऊक आहेत, त्यांबद्दल तो आपल्या वतीने साक्ष देऊ शकत नाही.

प्रश्न : माझ्या वकीलच गर्भवती आहेत. तारीख वाढवून मिळेल का?

एखादी मिळेल. दिवाणी संहितेच्या आदेश १७ प्रमाणे वकिलांची असमर्थता हे कारण तेव्हाच चालते, जेव्हा पक्षकाराला वेळेत दुसरा वकील नेमता आला नसता. गरोदरपण अचानक येत नाही. म्हणून त्यांनाच आधी विचारून त्यांच्या सहकाऱ्याचे नाव वकालतनाम्यावर घालून घ्यावे. सूट मागणाऱ्या पक्षकारांपेक्षा महिला वकिलांचीच या बाबतीत जास्त कुचंबणा होते, असे मला वाटते. नवव्या महिन्यापर्यंत काळा कोट घालून उभ्या राहणाऱ्या अनेक जणी मी पाहिल्या आहेत.

प्रश्न : वकिलांची फी परवडत नाही.

१९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे कोणतीही स्त्री मोफत वकील मिळण्यास पात्र आहे, तिचे उत्पन्न कितीही असो. उत्पन्नाचा दाखला मागितला गेला, तर हे कलम दाखवावे. तालुका विधी सेवा समितीचे कार्यालय बहुधा न्यायालयाच्या आवारातच असते, आणि राष्ट्रीय मदतवाहिनीचा क्रमांक १५१०० आहे.

प्रश्न : माहेरी असताना पुढची तारीख कशी कळेल?

प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षरे-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो. तो वकिलांकडून मागून घ्यावा आणि ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा मोबाइल अॅपवर टाकावा. पुढची तारीख, ती कशासाठी आहे आणि मागच्या तारखेला काय झाले, हे दिसते. दवाखान्यात न्यायच्या पिशवीत फाइलच्या छायाप्रतीसोबत एका चिठ्ठीवर हा क्रमांक लिहून ठेवावा, आणि ती चिठ्ठी भावाला किंवा वडिलांना दाखवून ठेवावी. कळा सुरू झालेल्या असताना वकिलांना फोन त्यांनाच करायचा असतो.